बोलणारा सापडतो, ऐकणारा सापडत नाही

भातकापणीचे दिवस आले की कसाल परिसरात दिवेलागण लवकर होते. मोबाइल येण्यापूर्वी याच वेळेला मालवणकडे फुटणाऱ्या तिठ्याजवळच्या दुकानांत आणि वाडीवाडीतल्या पडव्यांत रेडिओ लागायचे. ज्यांनी त्या काळी शॉर्टवेव्हची सुई केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत सिलोन केंद्र पकडले आहे, त्यांना त्या पट्ट्यावरची खरखर, शीळ आणि मधेच वर येऊन बुडणारे परक्या भाषांतले आवाज आठवत असतील. त्याच पट्ट्यावर जगात अनेक ठिकाणी काही विचित्र केंद्रेही ऐकू येत. त्यावर ना गाणी, ना बातम्या. एक संथ आवाज नुसते आकडे वाचत राही. बहुधा पाच-पाच आकड्यांचे गट, प्रत्येक गट दोनदा. मग शांतता. आपण कोण, कुठून बोलतो आहोत, हे काहीच सांगितले जात नसे.

हे आकडे होते हेरांसाठी. त्यामागची रीत साधी आहे. समजा, पाठवायच्या शब्दाचा अंक ५२ आहे. हेराजवळ आणि त्याला पाठवणाऱ्याजवळ आकड्यांची एकसारखी वही असते. तिच्यातला त्या दिवसाचा आकडा ८७. दोन्हींची बेरीज हातचा न धरता करायची, म्हणजे ३९. रेडिओवर वाचायचे ते ३९. हेर आपल्या वहीतला ८७ त्यातून तसाच वजा करतो आणि ५२ परत मिळवतो. वहीचे पान एकदा वापरले की जाळून टाकायचे. आकडे खरोखरच स्वैर असतील आणि पान पुन्हा वापरले नसेल, तर कितीही मोठा गणिती किंवा आजचा संगणकही हा संदेश फोडू शकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्युबाचे हेर पकडले गेले, तेव्हा इंटरनेटच्या युगातही त्यांना सूचना मिळत होत्या त्या शॉर्टवेव्हवरच्या आकड्यांतूनच.

इतकी जुनी पद्धत इतकी वर्षे का टिकली? कारण ती पदार्थविज्ञानातल्या एका साध्या गोष्टीवर उभी आहे. रेडिओवर बोलणारा शोधून काढता येतो. ऐकणारा व्यवहारात सापडत नाही. हवेत लाटा सोडणारे यंत्र आपला पत्ता स्वतःच सांगत असते. रेडिओ ऐकत बसलेला माणूस मात्र लाखो श्रोत्यांमधला एक असतो. म्हणून शहाणा हेर शक्य तितका वेळ फक्त ऐकतो. बोलावेच लागले तर थोडक्यात, सांकेतिक भाषेत आणि वेळ बदलून बोलतो.

१९४२ साली मुंबईत बावीस वर्षांच्या एका मुलीने यातला प्रत्येक नियम मोडला. तिने ठरलेल्या लहरीवर, ठरलेल्या वेळी, कोणालाही कळेल अशा भाषेत, सरकारला ऐकू जाईल असे बोलायचे ठरवले. तिचे नाव उषा मेहता.

न्यायाधीशाची मुलगी

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमलातले न्यायाधीश. घरात गांधीजींच्या चळवळीचे वारे शिरू नये, असे त्यांना वाटणे साहजिक होते. पण मुलगी पाच वर्षांची असताना तिने गांधीजींना पाहिले आणि आठव्या वर्षी, १९२८ मध्ये, सायमन कमिशनविरोधी मोर्चात ती घोषणा देत चालली. अशाच एका मुलांच्या मोर्चात पोलिसांच्या मारामुळे झेंडा हातात असलेली मुलगी झेंड्यासह पडली. पुढच्या वेळी मुलांनी झेंड्याच्या रंगांचे कपडे शिवून अंगावर घातले. हातातला झेंडा पाडता येतो, अंगावरचा कसा पाडणार, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

वडील १९३० मध्ये सेवेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कुटुंब मुंबईला आले. आता घरातला विरोधही मावळला होता. शाळकरी उषा गुप्त पत्रके वाटू लागली, तुरुंगातल्या कार्यकर्त्यांना निरोप पोचवू लागली. अभ्यासात ती हुशार होती. विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली आणि नंतर कायदा शिकू लागली. ते शिक्षण १९४२ मध्ये अर्धवट राहिले.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाट होण्याआधीच गांधीजींसह प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर बंधने होती आणि आकाशवाणी सरकारचीच होती. देशभर लोक रस्त्यावर उतरत होते, गोळीबार होत होते, पण एका जिल्ह्यात काय घडले हे शेजारच्या जिल्ह्याला कळत नव्हते. उषाबेन आणि त्यांच्या काही तरुण सहकाऱ्यांना वाटले की या वेळी सर्वांत मोठी गरज बातमीची आहे. छापखान्यावर धाड घालता येते, पत्रक जप्त करता येते, पण हवेतल्या लाटेला कुठल्या नाक्यावर अडवणार?

बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे साथीदार. शिकागो रेडिओ ही ध्वनिवर्धकांचा व्यवसाय करणारी कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना लाऊडस्पीकर पुरवत असे. तिचे नानक मोटवाने यांचे साहाय्य झाल्याचे उषाबेन पुढे सांगत. राममनोहर लोहिया आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन अशा भूमिगत नेत्यांचे मार्गदर्शन मिळाले. ऑगस्ट संपता संपता शॉर्टवेव्हवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. भारतात कुठूनतरी, ४२.३४ मीटरवर, एवढीच ओळख तो स्वतःची देत असे. आरंभी हिंदोस्ताँ हमारा आणि शेवटी वंदे मातरम् वाजे. सांगणारा आवाज बऱ्याचदा उषाबेनचाच असे.

रात्रच का निवडली?

४२.३४ मीटर ही लाटेची लांबी. तिची वारंवारता साधारण सात मेगाहर्ट्झ होते. या लाटेचा गुण असा की ती जमिनीलगत फार दूर जात नाही. इमारती, डोंगर आणि पृथ्वीचा बाक तिला अडवतात. पण तिरकी वर गेली की दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर तिला एक छत भेटते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथल्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. तो शॉर्टवेव्हला वळवून परत जमिनीकडे पाठवतो.

मुंबई ते कसाल हे सरळ रेषेतले अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मध्ये सह्याद्रीचे फाटे आणि खाड्या आहेत. त्या काळी गिरगावातून निघालेली लाट कसालच्या एखाद्या बॅटरीवरच्या रेडिओत शिरायची असती, तर तिला आधी आकाशात जवळजवळ तितकेच उंच जाऊन मग खाली यावे लागले असते. शॉर्टवेव्हचा आवाज मधेच मोठा, मधेच क्षीण का होतो, त्याचे कारण हेच. वरचे छत स्थिर नसते, ते पाण्यासारखे हलत असते.

याच छताच्या खाली, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, आणखी एक थर असतो. दिवसा तो असल्या लाटा शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लाट वरच्या थरापर्यंत मोकळी जाते. म्हणून सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसापेक्षा रात्री दूरवर ऐकू जाते. काँग्रेस रेडिओ रात्री बोलत असे. लोक कामावरून घरी आलेले असत आणि आकाशही मदतीला असे.

मुंबईत अशी यंत्रणा लपवणे सोपे नव्हते. या लांबीच्या लाटेसाठी नेहमीची तारेची अँटेना ताणायची तर ती सुमारे एकवीस मीटर, म्हणजे जवळपास सत्तर फूट भरते. यंत्राला वीज लागते, ते तापते, त्याला जागा लागते. बोलणे ध्वनिमुद्रित करायची जागा वेगळी आणि प्रसारणाची वेगळी, अशी काळजी घेतली जात होती. जागा सतत बदलल्या जात. चौपाटीजवळची इमारत, गावदेवीत लॅबर्नम रस्त्यावरचा बंगला, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगावची पारेखवाडी. कोकणातल्या चाकरमान्यांची बिऱ्हाडे ज्या गिरगावात होती, तिथल्याच गल्ल्यांमधून हे यंत्र फिरत होते.

मागावर असलेली गाडी

जागा का बदलाव्या लागत, हे घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरवर पाहता येते. मिडीयम वेव्हवर एखादे केंद्र लावा आणि रेडिओ हातात धरून हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज स्पष्ट येतो आणि एका विशिष्ट दिशेला एकदम खोल जातो. आत बसवलेल्या अँटेनेचे टोक केंद्राकडे वळले की तिला लाट पकडता येत नाही. म्हणजे आवाज जिथे बुडतो, त्या रेषेवर कुठेतरी केंद्र आहे. आता दुसऱ्या जागी जाऊन तेच करा. नकाशावर दोन रेषा काढा. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे केंद्र.

दिशाशोधक गाड्या हेच काम अधिक नेमकेपणाने करतात. आकाशातून उलटून येणारी लाट त्यांना चकवते, पण गाडी शहरातच असली की जमिनीलगत येणारी लाट सरळ यंत्राकडे बोट दाखवते. जितका वेळ बोलाल तितका गाडीला वेळ मिळतो. रोज त्याच वेळी बोलाल तर तिला वाट पाहत थांबता येते.

तो काळ महायुद्धाचा होता. खासगी प्रक्षेपक बाळगायला बंदी होती आणि प्रत्येक अनोळखी लाटेमागे सरकारला शत्रूचा हेर दिसत होता. आपल्या शेजारच्या गोव्यात मुरगाव बंदरात एहरेनफेल्स हे जर्मन जहाज अडकून पडले होते. त्यावरच्या गुप्त रेडिओमधून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांच्या खबरा जातात, असा ब्रिटिशांचा समज होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या वयस्क स्वयंसैनिकांच्या एका तुकडीने त्यावर रात्री हल्ला चढवला आणि जहाज बुडाले. तिकडे फ्रान्समध्ये नूर इनायत खान ही भारतीय वंशाची तरुणी ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून जून १९४३ मध्ये उतरली. पॅरिसमध्ये जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या चुकवत ती यंत्र घेऊन घरे बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले. नूरचे संदेश सांकेतिक आणि थोडक्यात असत, तरी धोका एवढा होता. उषाबेन तर उघड भाषेत बोलत होत्या.

खरखरीतून माणसापर्यंत

उघड बोलणे ही हौस नव्हती, गरज होती. आकडे वाचणाऱ्या केंद्राला एकच श्रोता हवा असतो आणि त्याच्याजवळ वही असते. उषाबेनना हवे होते ते अनोळखी लोक, ज्यांच्याजवळ काहीच नव्हते.

इथे कानाचे शास्त्रही मध्ये येते. हेरांच्या केंद्रांनी आकडेच का वापरले, याचे एक कारण डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. बहिरेपणाची तपासणी करताना खरखरीच्या आवाजात मिसळलेले आकडे ऐकवून ते ओळखायला सांगतात. आकडे दहाच असल्याने अर्धा आवाज बुडाला तरी मेंदू उरलेल्या तुकड्यावरून बरोबर अंदाज करतो. मोकळ्या वाक्याचे तसे नाही. पुढचा शब्द कोणताही असू शकतो. गावाचे नाव, माणसाचे नाव, मृतांची संख्या यांतले काहीही मेंदूला आधी ठाऊक नसते. म्हणून गोंगाटात वाक्य समजायला कानापेक्षा मेंदूला अधिक कष्ट पडतात आणि वय वाढले की ही अडचण आधी जाणवते. आजोबांना शांत घरात नीट ऐकू येते आणि लग्नाच्या मांडवात येत नाही, ते यामुळेच. अशा खरखरीतून बातमी पोचवायची तर शब्द स्वच्छ आणि वाक्ये सुटसुटीत हवीत.

काँग्रेस रेडिओने चितगावच्या बाँबहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची आणि विदर्भातल्या आष्टी व चिमूर इथल्या अत्याचारांची माहिती दिली. चिमूरमध्ये स्त्रियांवर जे गुदरले ते सांगायला त्या वेळी वृत्तपत्रे धजत नव्हती. लोहियांची भाषणेही या रेडिओवरून झाली. विद्यार्थ्यांना, कामगारांना, सैनिकांना उद्देशून कार्यक्रम झाले.

सर्वांत एकाग्रतेने ऐकणारे श्रोते मात्र पोलीस होते. ते प्रसारणे उतरवून घेत होते. खटल्यात पुरावा म्हणून ठेवलेल्या त्या नोंदींमुळेच त्या रेडिओवर काय बोलले गेले, हे आज पुष्कळसे वाचता येते.

यंत्राने नाही, माणसाने

सुमारे तीन महिने गाड्या फिरत राहिल्या आणि यंत्र हुलकावणी देत राहिले. शेवटी दगा झाला तो लाटेमुळे नाही. यंत्र उभारणीत सामील असलेला तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण दाखवले.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी बाबुभाईंच्या कचेरीवर धाड घातली. खबर उषाबेनपर्यंत पोचली. पळून जायला वेळ होता. त्यांनी महत्त्वाचे साहित्य सुरक्षित हाती सोपवले आणि त्या रात्रीचे प्रसारण करायचेच असे ठरवून त्या चंद्रकांत झवेरींबरोबर गिरगावला पोचल्या. कार्यक्रम झाला. वंदे मातरम् वाजत असतानाच दारावर धक्के बसले. पोलीस आत आले, त्यांनी तबकडी थांबवायला सांगितले. उषाबेननी नकार दिला. गीत पुरे होईपर्यंत त्या उभ्या होत्या.

आता सगळे उलटे झाले. इतके दिवस सरकारला त्यांचा आवाज बंद करायचा होता. यापुढे सरकारला त्यांनी बोलायला हवे होते. मागे कोण आहे, पैसा कुठून आला, लोहिया कुठे आहेत, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे होती. काही महिने चौकशी चालली आणि त्यात एकांतकोठडीही होती. सहकाऱ्यांची नावे सांगितली तर शिक्षणासाठी परदेशी पाठवू, असे आमिष दाखवले गेले. उषाबेन बोलल्या नाहीत. खटल्यात उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे का, एवढे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. बंधन नाही असे कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. १९४३ मध्ये बाबुभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष कैद झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले.

अशा मौनाला धैर्य म्हणून आपण पुढे जातो. वैद्यकशास्त्र जरा थांबून पाहते. एकांतात माणसाला बोलायला कोणी नसते, उजेड आणि अंधाराचे नेहमीचे चक्र नसते, पुढच्या तासाला काय होईल हे माहीत नसते. मेंदूला रोजच्या आवाजांचा आणि चेहऱ्यांचा खुराक लागतो. तो तोडला की झोप बिघडते, विचार एकाच जागी फिरू लागतात, भीती वाढते, काहींना भासही होऊ लागतात. धोक्याच्या वेळी शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. वाघ समोर आला तर पळायला ती उपयोगी पडतात. पण तोच इशारा महिनोन् महिने वाजत राहिला तर भूक, झोप, रक्तदाब आणि रोगाशी लढण्याची ताकद यांवर परिणाम होतो. चौकशी करणारे याच थकव्यावर भिस्त ठेवतात. थकलेला माणूस बोलतो ते बहुधा पटल्यामुळे नव्हे, तर हे एकदाचे संपावे म्हणून. म्हणूनच दबावाखाली मिळालेला जबाब विश्वासार्ह नसतो.

उषाबेनचे मन वाकले नाही, पण शरीराने त्याची किंमत मोजली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात हलवावे लागले. तिथेही खाटेभोवती अहोरात्र पोलीस पहारा होता. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. वॉर्डात वीस खाटा असतात आणि एकीपाशी शिपाई बसलेला असतो. त्या रुग्णाकडे भेटीला येणारे बिचकतात, शेजारचे रुग्ण बोलायचे टाळतात. आजारपणात माणसाला सर्वांत हवी असलेली गोष्ट, म्हणजे जवळ बसून दोन शब्द बोलणारे कोणी, तीच त्याला मिळत नाही. थोड्या सुधारणेनंतर उषाबेनना पुन्हा येरवड्याला नेण्यात आले.

नंतरची चोपन्न वर्षे

१९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. या वयात दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीने माणूस पूर्ववत व्हावा. तसे झाले नाही. १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी, ज्यासाठी हे सारे केले त्याच दिवशी, त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि दिल्लीच्या समारंभाला जाऊ शकल्या नाहीत. प्रकृतीमुळे त्या सक्रिय राजकारणापासूनही दूर राहिल्या.

दीर्घ आजारातून उठणाऱ्या माणसापुढे एक अवघड प्रश्न असतो. पूर्वीचे आयुष्य परत मागायचे, की उरलेल्या ताकदीत बसेल असे नवे आयुष्य उभारायचे? उषाबेननी अभ्यासाकडे मोर्चा वळवला. कायद्याचे शिक्षण बाजूलाच राहिले. गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी १९५३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर सुमारे तीन दशके त्या राज्यशास्त्र शिकवत राहिल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. त्यांनी लग्न केले नाही. खादी आणि साधी राहणी शेवटपर्यंत ठेवली. मणिभवन या गांधी संग्रहालयाच्या त्या अध्यक्ष होत्या. ते संग्रहालय आहे त्या लॅबर्नम रस्त्यावरच १९४२ मध्ये त्यांचे यंत्र काही दिवस लपवलेले होते. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

दर ९ ऑगस्टला त्या गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. २००० साली अंगात ताप होता, तरी त्या गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा ताप कशाचा होता, याचा अंदाज इथे करायचे कारण नाही. पण घराघरांतल्या आजी-आजोबांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उतारवयात मोठा जंतुसंसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. अंग थोडे कोमट लागते, अन्नावरची वासना जाते, बोलण्यात गोंधळ होतो किंवा माणूस नुसता गप्प पडून राहतो. तेव्हा तापमापीवरचा आकडा लहान दिसतो म्हणून दुखणे अंगावर काढू नये. आणि जन्मभर सोसायची सवय असलेली माणसे स्वतःहून तक्रार करत नाहीत, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

शॉर्टवेव्हचा बराचसा पट्टा आता ओस पडला आहे. बातम्या मोबाइलवर येतात आणि मोबाइलचे तंत्र जुन्या रेडिओच्या उलट आहे. त्यात ऐकणाराही सापडतो, कारण फोन सतत जवळच्या मनोऱ्याशी बोलत असतो. तरीही आकडे वाचणारी काही केंद्रे अजून चालू आहेत आणि कुठेतरी, कोणीतरी, कोणाला न सापडता ती ऐकत असेल. उषाबेनची वाट वेगळी होती. त्यांना जिथे बोलायला बंदी होती तिथे त्या बोलल्या आणि जिथे बोलण्याची सक्ती होती तिथे गप्प राहिल्या.

मुंबईला गेल्यावर ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत गावदेवीत मणिभवनला जाता येते. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान काही मिनिटांवर आहे आणि गिरगावही फार लांब नाही. तिन्ही जागा एका सकाळी पायी पाहून होतात. सत्तर फुटांची तार घेऊन, रात्रीच्या वेळी, पोलिसांची गाडी मागावर असताना हेच अंतर केवढे वाटत असेल, याचा अंदाज चालताना येतो.